लघुग्रहांचं कापलेलं वाक्य

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. कधी झाला तेही सांगतो. गेल्या वर्षी, म्हणजे १९६२ च्या फेब्रुवारीत, अष्टग्रही आली आणि गेली. तिच्यानंतरचा पहिला मंगळवार, दुसरा तास. घाटंजीजवळच्या आमच्या गावची शाळा, सातवीचा वर्ग. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, टेबलावर आमच्या मंडळाचं छापील पत्रक होतं आणि माझी बहीण उभी होती. तास संपला तेव्हा यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहासाठी शाळेनं करायच्या शिफारशीतून तिचं नाव गेलं होतं.

शिफारस एकाच मुलीची व्हायची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर वसतिगृह, नाहीतर कमरेला ओटी बांधून कापूस वेचायचा आणि कोणी पाहायला येईल त्याची वाट बघायची. तिसरा रस्ता नव्हता.

अन्याय करणाऱ्यांत हेडमास्तर होते, गप्प बसलेले गुरुजी होते आणि मी होतो. पहिल्या दोघांबद्दल मी वर्षभर बोलतो आहे. बाजारात बोललो, सभेत बोललो, ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत बोललो. तिसऱ्याबद्दल आज पहिल्यांदा लिहितो.

आमच्या घरात आम्ही तिघं. माय, मी आणि बहीण. बाप मी लहान असतानाच गेला. १९५६ च्या दसऱ्याला माय वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेली आणि धम्म घेऊन परत आली. आल्यावर तिनं कोनाड्यातले देव जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले आणि वाघाडी नदीवर नेले. मी बरोबर होतो. गाठोडं पाण्यात सोडताना ती म्हणाली, "जा बाप्पा. तुमचं तुम्ही पाहा, आमचं आम्ही पाहू." भांडण नव्हतं त्यात. लांबच्या पाहुण्याला गाडीत बसवून द्यावं तसं तिनं त्यांना वाटेला लावलं.

मी तेव्हा चौदा वर्षांचा, बहीण आठ वर्षांची. हे वयाचं एवढ्यासाठी सांगतो की आम्हा दोघांची शाळा वेगळी होती. इमारत तीच. मी पहिलीत दाराजवळच्या वेगळ्या रांगेत बसलो. झड आली की पाटी भिजायची ती आमच्या रांगेची. तेव्हाचे गुरुजी पाटी तपासायला आमच्यापर्यंत येत नसत. आम्ही लांबूनच वर धरून दाखवायचो. बहीण शाळेत गेली तोवर ती रांग मोडली होती. निदान बसण्यापुरती मोडली होती. त्यामुळं 'वेगळी रांग' म्हटलं की मला जी भिजलेली पाटी आठवते ती तिला आठवत नाही. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

बहिणीला आभाळाचं वेड तिच्या वर्गाच्या गुरुजींनीच लावलं. सहावीत असताना त्यांनी तिला खगोलाचं एक पुस्तक वाचायला दिलं. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली सोळा पानंही नव्हती. सतराव्या पानावर अर्ध्या वाक्यापासून ते सुरू व्हायचं. सूर्य, तारे वगैरे प्रतिष्ठित मंडळी बहुधा त्या गेलेल्या पानांत असावीत. राहिलेल्यातलं सगळ्यांत जाड प्रकरण लघुग्रहांचं होतं, म्हणून तिचं आभाळ लघुग्रहांपासून सुरू झालं. मोठ्यांकडे ती नंतर गेली.

एका दुपारी ती सारवलेल्या जमिनीवर सूर्यमाला मांडून बसली होती. मधे चुलीतला कोळसा, भोवती तुरीचे नऊ दाणे, आणि चौथ्या-पाचव्या दाण्यांच्या मधे मूठभर मोहरी गोल पसरलेली.

"माझी मोहरी आभाळात कायले टाकून राह्यली?" माय म्हणाली.

"थांब न माय, भरून देतो," बहीण म्हणाली. "हे लघुग्रह आहेत."

"फोडणीत टाकाले ठेव थोडे."

मी मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झालेला. दोन्ही वेळा विज्ञानात. तरी मोठा भाऊ म्हणून मी तिची परीक्षा घ्यायला बसलो. तिनं मला सांगितलं ते असं. १८०१ साली, नव्या वर्षाच्या पहिल्याच रात्री, इटलीतल्या एकाला मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक नवा ठिपका फिरताना दिसला. त्याचं नाव सेरेस ठेवलं. सगळ्यांनी त्याला ग्रह म्हटलं. पुढच्या सहा-सात वर्षांत त्याच भागात आणखी तीन सापडले, तेही ग्रह. चाळीसेक वर्षं पुस्तकांत ते बुध-शुक्रांच्या शेजारी छापले जात होते. मग पाचवा सापडला, सहावा सापडला, मग दरसाल नवे सापडायला लागले. सगळे त्याच पट्ट्यातले, सगळे इतके लहान की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपकाच दिसायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग शास्त्रज्ञायनं त्याईले ग्रहांच्या यादीतून काढलं. वेगळी यादी केली."

"काढलं? चाळीस वर्षं पंगतीत बसवून मग उठवलं? काय गुन्हा केला त्यानं?"

"गुन्हा काहून पाह्यजे? त्याच्यासारखे लय सापडले म्हणून."

"म्हणजे एकटा होता तोवर चालला. भाईबंद आले तसा बाहेर."

ती हसायला लागली. "भाऊ, तू सेरेसचीही सभा घेशील."

मी हसलो नाही. मला खरंच राग आला होता. आभाळातसुद्धा हाच धंदा चालतो असं मला वाटलं आणि ते डोक्यातून गेलं नाही. ती मात्र समजावत राहिली. नवा ठिपका दिसला म्हणजे लगेच नोंद होत नाही. तो पुन्हा दिसावा लागतो, त्याची वाट गणितानं जुळावी लागते, तेव्हा कुठं त्याला क्रमांक मिळतो. कितीतरी असे आहेत की एकदा दिसले आणि वाट जुळायच्या आत हरवले. ज्यांना क्रमांक मिळाला त्यांचेही गट. बहुतेक मधल्या पट्ट्यातले. दोन जथे गुरूच्याच वाटेवर, एक त्याच्या पुढं आणि एक मागं. थोडे उनाड, जे आत पृथ्वीच्या वाटेजवळ येतात. आणि ज्यांच्या वाटा एकमेकांशी फार जुळतात त्यांना एका कुळातले म्हणतात. कदाचित एकाच मोठ्या दगडाचे ते तुकडे असतील. ते कशाचे बनलेत हे अजून नीट ठाऊक नाही.

"कुळंही आहेत का?" मी म्हणालो. "मग सोयरिकी कोण जुळवतं?"

माय तेव्हा दाराशी कापूस निवडत होती. वेचून आणलेल्या कापसातला किडीनं पिवळा पडलेला, डागाचा भाग बाजूला काढायचा. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. हात न थांबवता ती म्हणाली, "मोठ्याले न् लहानाले एका गाठोड्यात बांधू नये, एवढंच म्हणते न पोरगी? मंग त्यात भडकाचं काय? कवडी वेगळी काढली म्हून तो काय कापूस नाही? त्याचीबी गादी होते. मिसळली का दोन्हीची माती."

"माय, तू कोणाच्या बाजूची?"

"कापसाच्या," ती म्हणाली.

बहिणीला तेही पुरतं पटलं नाही. ती म्हणाली, "कवडीत खोट असते, माय. लघुग्रहात खोट नाही. तो लहान आहे न् त्याची वाट तिथची आहे, बस." असा तिचा स्वभाव. कोणी तिची बाजू घेतली तरी ती आधी ते बरोबर आहे का बघायची.

मग जानेवारी १९६२. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारपासून सोमवारपर्यंत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि जग बुडणार, ही बातमी आमच्याकडे आठवडी बाजारातून आली आणि घरोघरी गेली. घाटंजीच्या बाजारात त्याशिवाय बोलणं नव्हतं. होमहवनं सुरू झाली. ठरलेली लग्नं पुढं ढकलली. बाहेरगावी असलेली माणसं गावी परत यायला लागली, मरायचं तर एकत्र मरू म्हणून. गावातले काही जण गोठ्यातली ढोरं सोडून ठेवायची की बांधून ठेवायची यावर वाद घालत होते. आमच्या शाळेच्या मैदानावर गावानं होम मांडला आणि हेडमास्तर त्यात सोवळं नेसून बसले.

आमच्या वस्तीची गोष्ट निराळी आणि जास्त अवघड. आम्ही तर ग्रह, नवस, होम सगळं सोडलं होतं. सोडल्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळं उघड भ्यायची सोय नव्हती. गावातला माणूस घाबरला तर होमात नारळ टाकून मोकळा व्हायचा. आमच्या म्हाताऱ्या घाबरल्या तर त्यांनी करायचं काय? वंदना व्हायची, सगळे 'साधु साधु' म्हणायचे आणि घरी जाऊन पाण्याचे हंडे भरून ठेवायचे. मायनंही घरातली झाडून सगळी भांडी भरली. घागर, गुंड, परात, अगदी माझा दाढीचा वाटीएवढा डबासुद्धा.

"माय, हे काय?"

"पाणी भरलं तं धम्म बुडत नाही. जग बुडालं तं प्याले पाह्यजे."

मी तेव्हा आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या कामात बुडालेला. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला ते शिकवलं होतं. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांचे नियम ठरलेले: वाक्य एका दमात संपलं पाहिजे. पहिल्या ओळीत धक्का, शेवटच्या ओळीत हुकूम. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पत्रकात 'पण' नको. "पण आला का वाचणारा पळाला," ते म्हणायचे. "तुह्या मनात शंभर पण असू दे. कागदावर एक नको." माझ्या मसुद्यातले 'पण' ते लाल पेन्सिलीनं मोजायचे.

अष्टग्रहीच्या विरोधात पत्रक काढायचं ठरलं. मी बहिणीला म्हणालो, तुझं ते लघुग्रहांचं लिहून दे. तिनं दोन दिवस घेऊन वहीचं एक पान लिहिलं. या आठांतला सूर्य तारा आहे, चंद्र पृथ्वीचा उपग्रह आहे आणि केतू ही वस्तूच नाही, चंद्राच्या वाटेवरची एक जागा आहे. म्हणून आठांतले पाचच खरे ग्रह. शिवाय मंगळ-गुरूच्या मधे दीड हजारांहून जास्त लहान ग्रहांची नोंद झालेली आहे, त्यांतले किती मकरेत आहेत हे ज्योतिषी सांगत नाहीत. इथपर्यंत मला फार आवडलं. पुढं तिनं लिहिलं होतं: "पण खगोलशास्त्रज्ञ त्यांना मोठ्या ग्रहांत मोजत नाहीत, ते फार लहान आहेत, त्यांच्यासारखे पुष्कळ एकाच पट्ट्यात फिरतात, म्हणून त्यांची रांग वेगळी आहे आणि मोठे ग्रह नऊच आहेत."

मी ते वाक्य कापलं.

का कापलं ते प्रामाणिकपणे सांगतो. 'पण'नं सुरू होत होतं, हे एक कारण. ते मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण 'रांग वेगळी' हे होतं. आमच्या मंडळाच्या कागदावर, आमच्या हातानं, कोणाची तरी रांग वेगळी आहे आणि ते बरोबर आहे, असं मी छापणार नव्हतो. दगडांचीसुद्धा नाही. मग एकदा कात्री चालली तशी मी 'लहान'ही उडवलं आणि वर मथळा बसवला: 'आभाळात ग्रह नऊ नाहीत, हजारो आहेत! शास्त्रानं हे सिद्ध केलं आहे! मग तुमचे आठ कोणते?' काका खूश झाले. "याले म्हणते पत्रक," ते म्हणाले. आणि गावाला टोचावं म्हणून मी शेवटी जोडलं: 'आमच्या शाळेतील इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीच्या अभ्यासावरून.' सातवीत मुली होत्या पाच. आमच्या वस्तीतली एक. नाव घालायची गरजच नव्हती.

तिला मी विचारलं नाही. विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

यवतमाळला छापखान्यात खिळे जुळवणारे म्हातारे कारागीर होते. मजकूर बसवून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, खाली दोन बोटं जागा उरली. मोकळी बरी दिसत नाही. काय टाकू?"

"काय आहे तुमच्याकडे?"

"बोट दाखवणारा हात आहे. फूल आहे."

मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "फूल टाका."

पत्रक घरी आणलं तेव्हा बहिणीनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. "भाऊ, माझं वाक्य कुठी गेलं?"

"जागा नव्हती."

तिनं फुलावर बोट ठेवलं. तसंच बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"लोकायले एवढं बारीक समजत नाही," मी म्हणालो.

"मायले समजलं होतं," ती म्हणाली.

पत्रकं तोवर वाटली गेली होती. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, तांड्यावर. शाळेच्या गेटवर मी स्वतः चिकटवलं होतं, ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ लावून. शनिवार आला. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं. पाखरं नेहमीसारखी बसली तरी 'बघा, पाखरं कशी गप्प आहेत' म्हणायचं, उडाली तर 'बघा, कशी उडाली' म्हणायचं. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पत्रक काढणारा म्हणून दिवसभर छाती काढून हिंडलो आणि घरी येऊन हंड्यांवर झाकणं आहेत का बघितलं. बहिणीला मात्र जग बुडायची काळजी नव्हती. गाव शनिवारला भीत होतं, ती मंगळवारला. कारण गुरुजींनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मंगळवारी शिफारशीचा कागद यवतमाळला जाणार आणि त्यावर तिचंच नाव आहे.

रविवारी ती मला म्हणाली, "पत्रक वापस घेता येते का?"

"वाटलेलं पत्रक वापस येत नसते." हे मी अभिमानानं म्हणालो होतो. आता आठवलं की कान गरम होतात.

"मंग हेडमास्तर मले विचारतील ग्रह किती म्हणून. मी काय सांगू? पुस्तकात नऊ. कागदावर हजार. नऊ सांगतलं तं कागद खोटा, हजार सांगतलं तं मी खोटी."

"हिंमत आहे का त्याईची विचारायची?"

"हिंमत कायले लागते? प्रश्न तं सोपा आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी ती जेवली नाही. मायनं विचारलं तर म्हणाली, ग्रह आलेत. मायनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी दुपारी मैदानावर होमाची पूर्णाहुती चालली होती. त्या गर्दीतून आम्ही दोघं शाळेच्या गेटवरचं पत्रक काढायला गेलो. निघालं नाही. खळ मी फारच चांगली लावली होती. नखांनी खरवडून कडा फाटल्या, मजकूर तसाच. मग तिनं कंपासमधली पेन्सिल काढली आणि त्या फुलावर, पाकळ्यांच्या आरपार, बारीक अक्षरात आपलं वाक्य लिहिलं. पूर्ण. 'पण'सकट. मी तिच्या पाठीमागं उभा राहून कोणी येतं का ते बघत होतो. जग बुडवणाऱ्या तीन दिवसांत मी केलेलं तेवढंच काम उपयोगाचं.

जग बुडालं नाही. मंगळवारी शाळा भरली. पुढचं मी वर्गातल्या तिघा-चौघांकडून ऐकलं, सगळ्यांनी सारखंच सांगितलं.

हेडमास्तर गुरुजींच्या तासाला आत आले. तीन दिवस होमाचा धूर खाऊन त्यांचे डोळे लाल होते, आणि काहीच न घडल्यामुळं गावात लोक आता हळूहळू हसायला लागले होते. त्यांनी खिशातून पत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि बहिणीला उभं केलं.

"ग्रह किती?"

"नऊ."

"मग हे काय? हजारो?"

"ते अर्धं आहे, सर. लघुग्रह वेगळे मोजतात. गेटवरचं वाचा, सर, तिथं पुरं आहे."

"गेटवर कोणीही काहीही खरडते. छापील काय आहे ते बोल. अर्धं कोणी केलं?"

'भावानं' एवढी तीन अक्षरं पुरली असती. ती बोलली नाही. हेडमास्तरांनी गुरुजींकडे पाहिलं. ज्यांनी तिला ते पुस्तक दिलं, ज्यांना ती काय वाचते हे पानागणिक ठाऊक होतं, ते गुरुजी जिल्ह्याच्या नकाशाकडे बघत राहिले, जणू घाटंजी तिथून हललं की काय. मग हेडमास्तर वर्गाला म्हणाले, शास्त्राच्या नावानं खोटं छापणाऱ्या मुलीची शिफारस शाळा करणार नाही. शाळेचीही अब्रू असते.

कागदावर दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. तिच्यावर माझा राग नाही. ती हुशार आहे आणि तिनं काही केलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे गेलो. मी म्हणालो, वाक्य मी कापलं, तिला शिक्षा का? ते म्हणाले, "तुमचंच पत्रक, तुमचंच शास्त्र. खोटं असेल तर तसं छापून टाका. छापील दिसलं की मी विचार करतो." मी तिथून थेट काकांकडे गेलो. दुरुस्तीचं पत्रक काढू, दोन ओळींचं. काकांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "लेका, होमात बसणाऱ्यापुढं आपण चूक कबूल करायची? उद्या म्हणतील याईचा धम्मही अर्धाच आहे. त्याईले पोरीचं नाव काढायचंच होतं. हे नसतं तं दुसरं काही शोधलं असतं."

वर्षभर मी स्वतःला हेच सांगितलं. ते खोटंही नाही. बौद्ध वस्तीतली मुलगी त्या एकाच शिफारशीवर जाणं त्यांना रुचत नव्हतं, हे गावात कोणालाही विचारा. पण (हा 'पण' मी ठेवणार आहे) ते दुसरं काही त्यांना शोधावं लागलं असतं. शोधायचे त्यांचे कष्ट मी वाचवले. त्यांच्या हातात मी छापून, फूल लावून दिलं.

आणि मला चिडवणारी गोष्ट आणखी एक. ज्याची रांग वेगळी म्हणून मी भडकलो, त्या सेरेसला कोणी पावसात बसवलं नव्हतं. त्याला परत परत पाहिलं, त्याची वाट मोजली, त्याच्यासारखे किती आहेत ते शोधलं आणि मग तो काय आहे ते लिहिलं. माझी पाटी कोणी जवळ येऊन पाहिलीच नव्हती. या दोन गोष्टी एक नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला ते कळत होतं, आणि मी तिचं वाक्य वाचूनही पाहिलं नाही, शब्द बघून कापलं. म्हणजे त्या जुन्या गुरुजींसारखंच मी लांबूनच पाटी पाहिली.

ती सातवी पास झाली. सध्या मायबरोबर वेचायला जाते. पुस्तक गुरुजींनी परत मागितलं नाही, तिनंही दिलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी गुरुजी वस्तीच्या कडेला येऊन उभे राहिले. वस्तीत आले नाहीत. मला बोलावून म्हणाले, शाळा सोडून एकच वर्ष झालं असेल तर नाव पुन्हा पाठवता येतं. यंदाचा कागद याच फेब्रुवारीत जातो. "हेडमास्तर छापील म्हणाले होते ना? मग छापील आणा. या वेळी मी बोलीन."

ते बोलतील का, मला ठाऊक नाही. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं ओटीतला कापूस खाली टाकला आणि विचारलं, "यंदा गेलं तं पुढच्या साली चालते का?" मी म्हणालो, नाही. तेव्हापासून ती दिवस मोजते. तोंडानं नाही, पण रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांतली एक पुसते. मायनं परवा विचारलं, "आता कोणते ग्रह येऊन राह्यले?"

हे लिहिलेलं मी छापण्याआधी बहिणीला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत. एकही वाक्य कापलेलं नाही. काकांना दाखवलेलं नाही.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पत्रक घेतलं होतं. काहींनी ते माझ्यासमोर घडी घालून खिशात ठेवलं. कोणाच्या आढ्यात असेल, कोणाच्या डब्याच्या तळाशी अंथरलेलं असेल. आज ते बाहेर काढा. खालच्या फुलावर काट मारा आणि तिथं शाईनं लिहा: "पण खगोलशास्त्रज्ञ त्यांना मोठ्या ग्रहांत मोजत नाहीत, ते फार लहान आहेत, त्यांच्यासारखे पुष्कळ एकाच पट्ट्यात फिरतात, म्हणून त्यांची रांग वेगळी आहे आणि मोठे ग्रह नऊच आहेत." पत्रक नसेल तर हेच पान फाडून घ्या. मग उठा, आमच्या शाळेत जा आणि ते हेडमास्तरांच्या हातात द्या. यवतमाळचा कागद जायच्या आत द्या.